कडी कोणत्या हातानं काढली

बा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो तुझ्या कानावर घालणं मला भाग आहे. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीला पाच चाकं आहेत. चार बुलढाण्यात हजर असतात, पाचवं कायम दौऱ्यावर. तिरपा बसून बसून माझी मान कलली, उजवा खांदा धरला. अखेर वरच्यांना दया आली आणि या आठवड्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, कामामुळे स्नायू-सांधे दुखायची जोखीम कोणाला किती, ते तपासायला. मान किती वाकते, हात किती वर जातो, सगळं पाहिलं. ‘‘काही दुखतं का?’’ ‘‘छे. इथं काम करून दुखलेला माणूस मी अजून पाहिला नाही.’’ सगळे हसले.

हसता हसता मला तू दिसलास. ही तपासणी आपल्या घरात रोज व्हायची. खामगावच्या मार्केट यार्डात दिवसभर तुरीची पोती पाठीवर वाहून तू पिंपळगाव राजाला परतायचास, तेव्हा माय चुलीपासून दाराकडे बघायची. उजव्या हातानं कडी काढलीस, तर जेवण. डाव्या हातानं काढलीस, म्हणजे उजवा खांदा गेला. मग भाकर जाड, मग पाणी कोमट, मग हा पोट्टा माह्याकडे पाह्यते काऊन. ‘‘आत जाय रे,’’ माय पुटपुटायची. पोतं ओढायचा लोखंडी आकडा तू भिंतीवर फेकायचास. पोत्याखाली न उचलणारा तो खांदा मारायला मात्र बरोबर उचलायचा. याचं कारण बाईंनाही सांगता आलं नसतं.

एकदा मला आत जायला उशीर झाला आणि तू आकडा फेकला नाहीस, माझ्यावर उगारलास. तो वर जाताना मला अजून दिसतो, टोकाला तुरीचा भुसा. माय मध्ये येते. आकडा तिच्या खांद्यात रुततो आणि तू तो ओढून काढतोस, पोत्यातून काढतात तसा. तिचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. तू उंबऱ्यात बसलास. ‘‘माह्या खांद्यात आग लागून राह्यली, तुमाले समजत काऊन नाही?’’ आणि मायनं, बा, धड राहिलेल्या हातानं तुझा खांदा चोळायला घेतला. तिचा दुसरा हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही. यार्डाची पायरी न चढता तिचा सांधा यार्डानं खाल्ला.

काल संध्याकाळी घरी आलो, तर ओट्यावर माझी मुलगी मायचे केस विंचरत होती. खांदा ठणकत होता, म्हणून फाटकाची कडी मी डाव्या हातानं काढली. मायनं ते पाहिलं.

‘‘आत जाय वं पोरी.’’

पोरीनं काऊन म्हणून विचारलं नाही. कंगवा ठेवला आणि गेली. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही, बा. गेल्या आठवड्यात जेवणाचं ताट तेवढं भिंतीवर फेकलं होतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. घडी घालून खुर्चीच्या रिकाम्या पायाखाली सरकवीन. बाईंना मी खोटं सांगितलं. दुखतं.

काल तो कंगवा उचलून मी मायच्या मागं बसलो. तिनं मान आत ओढली, अंग आवळलं. राहिलेली बाजू विंचरत, गुंता हळूहळू सोडवत राहिलो. बऱ्याच वेळानं तिचा खांदा खाली आला. मग वेणी घातली. वाकडी झाली.