कालवड पाठोपाठ आणतो

ता. माण,
८ मार्च १९७३

चि. सौ. विजयमाला हिला दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने दुष्काळी खडीच्या कामावरच आणून दिलं. दाजी बाळाला आत्तापासूनच लंगोट बांधून तालमीत उतरवणार म्हणतात, हे वाचून हसू आलं. त्यांना म्हणावं, आधी त्याला मान तरी धरू दे.

इकडे मी बरा आहे असंच समज. विहिरीत तळाचे दगड दिसायला लागलेत. टँकर आला की बायका भांडतात, गेला की बाप्ये भांडतात. जेवणाची काळजी करू नकोस. शेजारची अख्तरबी दोन भाकरी जास्तीच्या थापते आणि रसूल त्या आणून देतो.

गाय पान्हा चोरते, सारखी रस्त्याकडे तोंड करून हंबरते, असं तू लिहिलंस. म्हशीचं दूध बाळाला पचत नाही आणि नुसत्या पेजेवर तो वाळत चाललाय, हेही लिहिलंस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. चूक माझी आहे. माझी चंद्रा बाळंतपणात गेली आणि त्याच आठवड्यात गाय व्याली, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. बाळ तुझ्या पदरात टाकलं आणि त्याच्या दुधासाठी गाय कराडकडे जाणाऱ्या ट्रकात चढवली. कालवड हातात घेऊन उभा होतो. ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्या जनावरांत तुडवून मरंल, गड्या. ऱ्हाऊ दे हितंच." पेंड पुढ्यात ठेवली की गाय वासराविना दूध देईल, असं मी धरून चाललो. तुला सांगितलं, कालवड पाठोपाठ आणतो.

कपाळावर पांढरा ठिपका होता तिच्या. रसूलच्या शेळीचं दूध बोळ्याने पाजायचो. दूध संपलं तरी माझी बोटं चोखत राहायची. मी घोंगड्याने तिचं अंग पुसायचो, आई चाटते तसं. चार पावलं टाकायलाही लागली होती. मग शेळीही आटली. तालुक्याला वणवण केली, पण दूध कुठंच मिळालं नाही. हुलग्याचं माडगं पाजून बघितलं, तर तिला हगवण लागली. रसूल तिच्याजवळ बसून म्हणाला, "आकाराम, हिला आता तरास दिऊ नगंस. हिचं दूद कराडला गेलं रं."

गेल्या आठवड्यात ती गेली. माझी बोटं तिच्या तोंडातच होती.

तू लिहिलंस, कालवड धाड, तिला बघून तरी गाय पान्हा सोडेल. विजू, मी तिचं कातडं धाडतोय. ते मीच सोडवलं. गाव काय म्हणायचं ते म्हणो, पण दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यावीशी वाटली नाही. मीठ चोळून सावलीत वाळवलंय. उद्या आपल्या गावचा बाळासो कराडला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र आणि गाठोडं देतो. आत भरायला इथं गवताची काडी नाही. तुझ्याकडे उसाचं पाचट आहे, ते भर आणि शिवून घे. कपाळाचा ठिपका वर राहू दे. आधी गाईला लांबून हुंगू दे. मिठाला ती चाटायला लागेल, मग पान्हा उतरेल. तेव्हाच धार काढ, आणि पहिली वाटी बाळाला दे.

बारशाला ये म्हणतेस. माझा जीव तिकडेच आहे, पण मला बोलावू नकोस. ती गाय मला ओळखते. मला बघितलं की ती माझ्या मागे काय येतंय ते बघत राहील. बाळाचं नाव तूच ठेव. तो अंगाने भरला की कळव.

दाजींना नमस्कार सांग.

गाईच्या पाठीवरून माझ्या वतीने एकदा हात फिरव.

तुझा दादा,
आकाराम