सगळी कुलपं हिरवी

३ मार्च, सोमवार
हिच्या प्रबंधाची जबाबदारी आजपासून माझी. विद्यापीठाचा नवा नियम आलाय. संदर्भसूचीत ऑनलाइन लेख दिला की त्याच्यापुढे कुलपाचं चिमुकलं चित्र काढायचं. कुणालाही फुकट वाचता येत असेल तर हिरवं, उघडं. पैसे भरल्याशिवाय दिसत नसेल तर लाल, बंद. परीक्षक स्वतः लिंका दाबून बघणार आणि चुका निघाल्या तर प्रबंध परत. महिनाअखेर ही शेवटची मुदत. ती हुकली तर हिची लेक्चररची जागा दुसऱ्याला. ही शाळेत शिकवते, घर बघते, वर हे तिला झेपायचं नाही, असं मी तोंडावर सांगितलं. ती वह्या तपासायला बसली. काहींना आभार मानता येत नाहीत.

संकल्प: रोज सकाळी कॉलेजच्या ऑफिसात आधी कुलपं, मग बाकीचं.

४ मार्च
ऑफिसात साहेब फिरत होते. कुलपं उद्यापासून.

६ मार्च
धडाका! कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एकेक लिंक दाबली. फटाफट उघडल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. हिने निम्म्यांना लाल लावून ठेवलं होतं. कसं होणार हिचं! मी पीएच.डी. अर्धवट सोडली ती तत्त्वासाठी, पण दृष्टी जाते कुठे?

८ मार्च, शनिवार
घरात कटकट. लेकीने तिच्या फोनवर लिंका दाबून बघितल्या. म्हणे, निम्मे लेख पैसे मागताहेत. म्हणे, बाबा, तुमचं कॉलेज वर्गणी भरतं म्हणून तुम्हाला दिसतं, सगळ्यांना नाही दिसत. अकरावीतली पोर मला शिकवणार! दोष घरच्या नेटचा आहे, हे मी शांतपणे ओरडून सांगितलं. ही म्हणाली, अहो, एकदा घरी बसून तपासा ना. मी म्हणालो, शंभर वेळा बघितलंय. (एकदाही नाही, पण मुद्दा तो नव्हे.)

९ मार्च
घरचं नेट काढून टाकलं. खोटं सांगणारी गोष्ट घरात नकोच. लेक रडली. परीक्षा आहे म्हणे. आमच्या वेळी कुठे होतं नेट?

११ मार्च
दोघी संध्याकाळी हिच्या गाइड मॅडमकडे गेल्या, तिथे नेट आहे म्हणून. मॅडमनी फार चांगला सल्ला दिला असणार, कारण परत आल्यावर ही एकदम मऊ. नवा पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, यापुढे यातच करा, मी मध्ये बोलणार नाही. फाइलचं नाव 'यांची प्रत'. वाचून छातीत बरं वाटलं. उशिरा का होईना, बाईला उमगलं.

१६ मार्च, रविवार
सासूबाईंकडे जेवण. सगळ्यांसमोर सांगितलं की हिचा प्रबंध म्हणजे मुळात माझाच, ही फक्त टाइप करते. मेव्हणा हसला. हीसुद्धा हसली. लेक ताटावरून उठून गेली. वळण लावायला हवं.

२० मार्च
काम उरकत आलंय. (आठवडाभर जरा पाठ धरली होती. शिवाय क्रिकेट.) दोघी अजून रोज मॅडमकडे जातात, लेकीच्या अभ्यासाला नेट लागतं म्हणे. गप्पा मारत असतील. घर कोण बघतंय, अशी कुणालाच फिकीर नाही. भांडी मी घासली. एक कप फोडला.

२४ मार्च
ऋणनिर्देश मीच लिहून दिला. हिला शब्द सुचले नसते. 'ज्यांच्या अथक मार्गदर्शनाविना हे पान कोरे राहिले असते, त्या माझ्या पतींना...' पुढे अडीच पानं. हिने घडी घालून पर्समध्ये ठेवला. डोळे पुसल्यासारखं वाटलं. कांदा नव्हता.

२८ मार्च, शुक्रवार
फाइलची प्रिंट काढून नवा शर्ट घालून मॅडमकडे गेलो. म्हटलं, घ्या, तीनच कुलपं राहिलीत, तीही हिरवीच. मॅडमनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या की प्रबंध चौदा तारखेलाच गेला, निम्मी कुलपं लाल आहेत, बरोबर आहेत. पेनड्राइव्हची युक्ती मॅडमचीच. तुमच्या हातात काहीतरी असलं की तुम्ही मध्ये येत नाही, असं बाईंनीच सांगितलं, म्हणाल्या. बाई म्हणजे ही. मी म्हणालो, मला माहीत होतं. चप्पल घालताना डावी-उजवी चुकली.

३१ मार्च, सोमवार
हिची जागा पक्की झाली. बाइंडिंग केलेली एक प्रत टेबलावर होती. ऋणनिर्देश अर्ध्या पानाचा. मॅडम, सासूबाई आणि 'परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी बसून एकेक लिंक तपासणारी माझी लेक'. पान उलटून बघितलं. मागे कोरं.

विचारलं, माझं राहिलं का? ही वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, राहिलं नाही, खरं तेवढंच लिहिलंय.

मग पेनड्राइव्ह पुढे केला. म्हटलं, याचं काय करू? म्हणाली, असू द्या, उद्या ऑफिसात काहीतरी लागेलच ना तुम्हाला.

लेकीने फोनमधून डोकंही काढलं नाही. नवं नेट कधी बसलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. पासवर्ड विचारायचं धाडस झालं नाही.

उद्या सकाळी ऑफिस. तीन कुलपं राहिली आहेत.