बंगला विकणे आहे. तुमचं गाव कुठलं?

रेवदंडा,
सोमवार

साडूभाऊ पोपटराव यांना आनंदा भोईरचा समुद्राकाठून नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे आणि सगुणा कामापुरतंच बोलते. तुमचा गुडघा काय म्हणतो? टिटवाळ्याच्या तुमच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली, की अजून चौथ्या मजल्यावरून ओरडून भाजीचा भाव करता? रतनला सांगा, तिने पाठवलेली जवळ्याची चटणी संपली. (मी एकट्याने संपवली असं तिची थोरली बहीण म्हणते. म्हणू दे.)

तुम्हाला ठाऊकच आहे, डोंबिवलीला आपल्या भातखाचरांवर टॉवर झाले, आम्हाला वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि मला मातीवर पाय ठेवायला लिफ्टची वाट बघावी लागू लागली. म्हणून हौसेने इथे जुन्या किल्ल्याच्या तटाजवळ बंगला बांधला. चारी बाजूंनी मोकळा, मागे नारळ, पुढे स्विमिंग पूल. (पूलमध्ये जिताडे सोडायचा माझा बेत होता, पाहुणा आला की ताजा मासा, पण कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे असा बघायला लागला की मी विषय बदलला.) सगुणाला मात्र इथे करमत नाही. संध्याकाळी पूलमध्ये पाय सोडून रतनशी फोनवर बोलते आणि फोन ठेवला की नुसतीच बसते. ते मला बघवत नाही, हेही खरं. शेवटी तिने सांगून टाकलं, बंगला विका, नाहीतर मी एकटी परत जाईन. पोपटराव, बायको गमतीने बोलते आणि खरं बोलते यातला फरक मला चांगला कळतो. हे खरं होतं. तेव्हा मी एजंट लावला, सर्वेश नावाचा, फार बोलका पोरगा.

पहिलं गिऱ्हाईक वर्तकनगरचं, ऋतुराज आणि रुचिता, दोघंही दातांचे डॉक्टर. चहा होईपर्यंत मी आपलं विचारलं, गाव कुठलं? माणूस घरात आला की गाव विचारायचं नाही तर काय दात दाखवायचे? ऋतुराजची आई निघाली खडवलीची, धर्मा पाटलांची लेक. आणि धर्मा पाटील म्हणजे माझ्या थोरल्या आत्याच्या दिराचे व्याही! म्हणजे ऋतुराज माझा भाचाच झाला. मग सगुणाने रुचिताची ओटी भरली, मंडळींना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणानंतर सर्वेशने किमतीचं काढलं तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाच्याला घराची किंमत कशी सांगायची? ऋतुराजने मला सोडवलं. "मामा, घरचंच आहे ना, मग विकत कशाला घ्यायचं? येऊ की दिवाळीत!" हे मलाही पटलं. सर्वेशला पटलं नाही.

त्याने मला तंबी दिली, पुढच्या गिऱ्हाइकाला गाव विचाराल तर मी येणार नाही. दुसरे आले कल्याणचे गोविंदा म्हणून, बँकेतून रिटायर झालेले. मी तोंड मिटून त्यांना स्वयंपाकघर दाखवलं, गच्ची दाखवली, पूल दाखवला. पण ते हात मागे बांधून, मान जराशी कलती करून उभे राहिले आणि मी पूल सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो. आमचे रामामामा अस्सेच उभे राहायचे! फाटकापर्यंत कसाबसा दम धरला. मग म्हटलं, एकच विचारतो. (रामामामांच्या चुलत बहिणीचे ते जावई. मला मान बघूनच कळलं होतं.) सर्वेशने तिथेच बाईकला किक मारली. सगुणा आतून म्हणाली, "आता यांना पन जेवाला घालाचा, क घराची चावीच द्याची?"

आणि परवा आले ढोले नवरा-बायको, मूळ वर्ध्याचे. त्यांचं गाव, आईचं गाव, आजीचं गाव, सगळं विचारून झालं, नात्याचा एक धागा सापडेना. ढोले बिचारे शांतपणे उत्तरं देत होते. त्यांनी मला एकच विचारलं, "समोर एवढा समुद्र असून हे टाकं कायले बांधलं, भाऊ?" मी त्यांना मागचे नारळ दाखवायला नेलं. पण बंगला त्यांना आवडला, किंमतही मान्य झाली, आणि सगुणा किती दिवसांनी हसली! मला मात्र चैन पडेना. उद्या मी या फाटकापाशी आलो तर आत राहणाऱ्याला मी कोण हेही ठाऊक नसेल. आपण बांधलेल्या घरात आपलं कोणीच नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हणून ते निघताना सहज विचारलं, मुलंबाळं काय?

असो. पत्र लांबलं आणि चहा निवला. रतनला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचा,
आनंदा

ता. क. ढोल्यांना शिवानी नावाची मुलगी आहे, ठाण्यात नोकरी करते. तुमच्या हर्षितचं स्थळ मी सुचवून ठेवलं आहे. रविवारी ती मंडळी तुमच्याकडे येतील, आम्हीही येतो. हर्षितला दाढी करायला लावा.

दुसरा ता. क. तुमचे व्याही ते माझेही व्याही, आणि व्याह्यांना कोणी बंगला विकत नाही. तेव्हा जमवाच. सगुणाला यातलं काही बोलू नका.

तिसरा ता. क. रतन, मी सगुणा लिहिते आहे. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तुझ्या हर्षितचं प्रीतीशी ठरलं आहे, हे तू मला फोनवर सांगितलंस, ते मी ढोल्यांच्या बायकोला, कल्पितांना, कालच फोन करून सांगितलं. बंगला माझ्या नावावर आहे, तो त्यांनाच विकण्याचा शब्दही दिला. त्या म्हणाल्या, इथे आमचं कोणी नाही, तुम्ही दोघं येत जा. येऊ म्हटलं. ह्यांना जरा बरं वाटेल. रविवारी तुझ्याकडून आम्ही थेट डोंबिवलीच्या फ्लॅटवर जाणार, दोन दिवस आधी तो झाडून घे. ह्यांना वाटतंय मुलगी बघायला चाललोय. शर्टाला इस्त्री करून बसलेत. आणि रतन, एकटी निघून येईन असं मी म्हणाले होते ना, ह्यांना सोडून माझ्याने येववलं नसतं. पण हे त्यांना कधी कळू देऊ नकोस.