सायलीसाठी दोन जागा पाहिल्या

नागाव, रविवार, संध्याकाळ

अंघोळ करूनही किळस जात नाहीये. धाकट्या सायलीला मुंबईत नोकरी लागली, म्हणून आज आम्ही दोघी तिच्यासाठी स्वस्तातलं हॉस्टेल बघायला गेलो होतो.

पहिल्या ठिकाणी मोरीत शेवाळ, खाटेवरच्या उशीला तेलाचा काळपट डाग आणि त्याला चिकटलेले कुणाचे तरी लांब केस. मी बोट दाखवलं, तर मॅनेजरने आमच्यादेखत उशी नुसती उलटी केली. "झालं ना, मॅडम?" आम्हीही घरी पर्यटकांना खोल्या देतो. अशी उशी दिली तर आई मला घरात घेणार नाही. उलटी केली! वर हसला.

दुसरी जागा लखलखीत. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मालकीणबाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि नाक मुरडलं. "तुमच्याकडच्या मुलींच्या कपड्यांनासुद्धा मासळीचा वास येतो. इथे चालणार नाही." आणि मी काय केलं? कसंनुसं हसून म्हणाले, "नाही हो काकू, ही खातच नाही." सुकटीशिवाय घास न उतरणारी सायली! ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या उशीपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, पहिलंच घेऊ. ती घाण मी धुऊन काढीन. इथे रोज खोटं बोलावं लागेल."

परत जाऊन पहिल्या ठिकाणची खाट पक्की केली.

घरी आल्याआल्या आईने विचारलं, "जागा कशी आहे गं?"

मी तोंड उघडायच्या आत सायली म्हणाली, "बरी आहे. कुणी काही विचारत नाही."