दिवसा दार कोणी लावत नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

परत आलं! चौथ्यांदा! तेच चित्र, त्यावर तेच लाल गोल, आणि खाली गेम कंपनीच्या परदेशी साहेबाची एक ओळ — सगळी दारं बंद करा.

अरे, पण का?

'ब्रास हेरॉन'चा अकरावा भाग आहे हा. पंचवीस वर्षं चाललेला गेम. शाळा बुडवून डिलाईल रोडच्या सायबर कॅफेत मी याचा दुसरा भाग खेळलोय. एक चोर बाई, दर भागात नवं शहर, छपरांवरून पळत सुटते. या खेपेला शहर मुंबई. चाळीचं चित्र काढायचं काम आमच्या परळच्या स्टुडिओत आलं आणि थेट माझ्या टेबलावर. मी जन्मलो, वाढलो बीडीडी चाळीत. मधला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. वीस दारं, वीसही उघडी. डोळे मिटून काढलं. आणि हा सातासमुद्रापार बसून मला सांगणार, दारं बंद!

गेल्या वेळी म्हणाला होता, पॅसेजमध्ये एक गाय दाखवता येईल का. दुसऱ्या मजल्यावर गाय! जिना कोणी चढवायचा तिला?

४ नोव्हेंबर

लतिकाने, म्हणजे आमच्या टीम लीडने, आज बसवून समजावलं. "संघर्ष, उघडं दार दिसलं की प्लेअर आत घुसणार. घुसला की आत खोली पाहिजे ना रे? वीस खोल्या कोण बनवणार, तुझा काका?"

बरोबर आहे तिचं. मूर्खपणा माझाच. दहा वर्षं या धंद्यात आहे, एका उघड्या दारामागे किती काम लागतं ते मला कळायला हवं होतं. पण काढताना डोक्यातच आलं नाही! आमच्याकडे दिवसा दार बंद म्हणजे एक तर माणसं गावाला गेलीत, नाहीतर आत मारामारी चालू आहे.

गंमत म्हणजे या गेमची सगळी ट्रिव्हिया, बारीकसारीक माहिती, मला तोंडपाठ. पहिल्या भागात एकही दार उघडत नाही, कारण तेव्हाच्या मशीनला तेवढं झेपत नव्हतं. सगळी दारं भिंतीवर नुसती रंगवलेली. कॉलेजात हे मी दिसेल त्याला ऐकवायचो. आता भोगा!

६ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. काही लिहीत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबाशी व्हिडिओ कॉल. इंग्रजीत भांडताना माझी गाडी अडते, त्याचा राग वेगळाच. तो म्हणे, बंद दारांनी रहस्य वाढतं. मी म्हटलं, रहस्य कसलं? कोणाकडे आज काय भाजी, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असतं! लतिका टेबलाखालून माझा पाय दाबत होती.

शेवटी त्याने सांगून टाकलं — पुढच्या शुक्रवारपर्यंत चित्र पक्कं झालं नाही, तर गेमबरोबर निघणाऱ्या आर्टबुकमधून, म्हणजे चित्रांच्या पुस्तकातून, हे पान गळणार. म्हणजे माझं नावही गळणार. आजवर चार मोठ्या गेमांसाठी चित्रं काढली, नाव कायम स्टुडिओचं. या पानावर पहिल्यांदाच असणार होतं — संघर्ष कोंडीराम जाधव. पप्पांचं नाव मुद्दाम घालायला सांगितलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आईसाठी जीव तुटतो. ऑगस्टमध्ये चाळीतल्या खोलीच्या बदल्यात नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली, सतरावा मजला. तेव्हापासून ही बाई दिवसभर दाराला कडी घालून आत. शेजारच्या रुपालीवहिनी परवा म्हणाल्या, "मावशी तर दिसतच नाहीत हो." चाळीत चाळीस वर्षं जिचं दार सताड उघडं, तिला इथे कसं करमणार? विचारलं तर म्हणते, "मी मजेत आहे." म्हणणारच! पप्पा गेले तेव्हाही हेच म्हणाली होती.

पुस्तक आलं की हे पान उघडून तिच्या मांडीवर ठेवणार. तिचा पॅसेज तिला परत द्यायचा आहे मला. म्हणून मागे हटणार नाही. साहेब गेला उडत.

११ नोव्हेंबर

बंद दारांचं एक करून पाहिलं. हॉस्पिटलचा मजला वाटतो. पुसलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जिंकलो! म्हणजे थोडंसं. लतिका आज माझ्या बाजूने तासभर भांडली. तिचे उपकार. ठरलं ते असं — एकोणीस दारं बंद, एक उघडं, आणि तेवढी एकच खोली आतून बनवणार. कुठली, ते मी सांगायचं.

आमची! चौदा नंबर! जेवायलाही उठलो नाही. मांडणीवरची भांडी, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मोरीचा फुलाफुलांचा पडदा, सगळं आलं. चित्राखाली छापायची ट्रिव्हियाही मीच लिहायची. दोन ओळी लिहिल्या: 'या चाळीत दिवसा दार कोणी लावत नाही. हे उघडं दार चित्रकाराच्या आईचं.'

उद्या पाठवायचं. त्याआधी सकाळी आईला दाखवतो. पुस्तक येईपर्यंत कोण थांबणार!

१४ नोव्हेंबर

आईने बोटांनी चित्र मोठं करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आपलं दार लाव."

"का गं?"

"तुझ्याआधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची गेली. मला एकटीला रडायचं होतं, म्हणून दार लावलं. बायांनी ठोकून ठोकून उघडायला लावलं. घाबरल्या होत्या रे, चांगल्याच होत्या. येऊन बसल्या सगळ्या. मग माझं रडायचं राहिलंच."

मला बहीण होती. चौतीस वर्षांत आज कळलं.

चौदा नंबरचं दार लावलं. खालच्या दोन ओळी खोडल्या आणि चित्र पाठवून दिलं.