सोनाळ्याच्या परिचर्या विद्यालयास निदान नकार तरी लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
राज्य परिचर्या प्रशिक्षण मान्यता मंडळ,
विभागीय कार्यालय, अमरावती.

अर्जदार : चिंतामण यशवंत कुळकर्णी, सचिव, प्रज्ञादीप बहुउद्देशीय शिक्षण संस्था, मु. पो. सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा.

विषय : नियोजित परिचर्या विद्यालयाची मान्यता दि. ८ डिसेंबर २०२५ पर्यंत लेखी नाकारणेबाबत.

संदर्भ : १) संस्थेचा प्रस्ताव दि. ३० ऑगस्ट २०२३. २) आपल्या समितीची तपासणी दि. ७ फेब्रुवारी २०२४. ३) आपले त्रुटीपत्र दि. २ मे २०२४. ४) मा. उच्च न्यायालयाचा आदेश दि. १९ मार्च २०२५. ५) संस्थेची स्मरणपत्रे, एकूण अकरा.

महोदय,

विषय वाचून आपणास टंकलेखनाची चूक वाटेल. ती नाही. अर्जदार नकारच मागत आहे. त्याची कारणे खालीलप्रमाणे सविनय सादर करण्यात येत आहेत.

१. अर्जदार हा एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला आहे. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्याने लोकांच्या कागदांवर 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' हा शेरा किती वेळा मारला, याची मोजदाद नाही. तेव्हा फाइल कशी चालते आणि कशी चालत नाही, हे त्याला कोणी शिकवावे अशातला भाग नाही. तरीही प्रस्तुत प्रकरणी त्याची मती गुंग झालेली आहे.

२. हे विद्यालय मुळात श्रीमती धम्मशीला तायडे यांचे. बाई सोनाळ्याच्याच लेकी. छत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षे पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावांतल्या मुलीने बारावीनंतर नर्स व्हायचे म्हटले की अकोला नाहीतर नागपूर गाठावे लागते. घरचे तेवढ्या दूर पाठवत नाहीत आणि विषय तिथेच संपतो. म्हणून बाईंनी वडिलांकडून आलेली जमीन संस्थेच्या नावे करून दिली आणि त्यावर इमारत उभी केली. प्रस्तावात प्राचार्य म्हणून त्यांचेच नाव आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे मान्यतेच्या दिवशी प्राचार्याचे वय बासष्टच्या आत लागते. बाईंना ९ डिसेंबर २०२५ रोजी बासष्ट पूर्ण होतात. दुसरे प्राचार्य मिळावेत म्हणून दोनदा जाहिरात दिली. अकोल्याहून एक मॅडम आल्या, दुपारचे जेवल्या, संध्याकाळची एसटी किती वाजता आहे ते विचारले आणि त्याच एसटीने परत गेल्या. सबब बाईंचे वय उलटले की प्रस्ताव आपोआप बाद आणि विद्यालयही बाद.

३. आता जे घडले त्यात चूक अर्जदाराची आहे, हे तो लपवू इच्छित नाही. तपासणी समितीचे तीन सदस्य येणार असे कळताच गावात उत्साह संचारला. आमच्या भागात पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा, मग टोपी-दुपट्टा. कामाचे बोलणे त्यानंतर. सत्काराला मोठी जागा हवी होती. इमारतीतली सगळ्यात मोठी खोली म्हणजे प्रात्यक्षिक दालन. त्यात सहा खाटा, सरावाचे दोन रबरी पुतळे आणि औषधांची कपाटे मांडलेली होती. साहेबांना खाटांच्या मधोमध उभे करून हार घालणे अर्जदारास बरे दिसेना. म्हणून त्याने ते सर्व सामान भिंतीकडे सरकवले आणि त्यापुढे 'हार्दिक स्वागत' असे भले मोठे बॅनर आडवे बांधले. त्या बॅनरपुढे खुर्च्या मांडल्या.

बाईंनी त्याच वेळी अर्जदारास बजावले होते. "चिंतामणभाऊ, आधी त्याहीले खोली दाखवा, हारतुरे मंग करा. ते पाहाले येऊन राह्यले, जेवाले नाही." त्यावर अर्जदार म्हणाला, "बाई, साहेब लोकांचा अनुभव तुमाले नाही, मले आहे." हे वाक्य त्याला आजही झोपेत आठवते.

ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, दोन्ही शाळा, भजनी मंडळ, तीन बचत गट आणि वाचनालय अशा नऊ ठिकाणच्या मंडळींनी तिन्ही सदस्यांना स्वतंत्र हार घातले. एकाचा घ्यावा आणि दुसऱ्याचा राहावा, तर गावात वर्षभर बोलणे झाले असते. मग मनोगते झाली. मग रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. समितीला चार वाजता खामगावची दुसरी तपासणी गाठायची होती. अर्जदार "साहेब, जरा बॅनरमागं चला" असे म्हणाला तेव्हा गाडीचे दार लागले होते. जे पाहायला आली त्याच्याकडेच पाठ करून समिती दोन तास चाळीस मिनिटे बसली आणि निघून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. अहवालात 'प्रात्यक्षिक दालन आढळले नाही, सदर ठिकाणी समारंभाचे सभागृह आढळले' अशी नोंद झाली. पूर्ततेदाखल संस्थेने सत्काराचेच छायाचित्र सादर केले. त्यात बॅनरच्या खालच्या कडेला खाटेचे दोन पाय आणि पुतळ्याचे डावे पाऊल स्पष्ट दिसते. मंडळाने दि. १४ ऑगस्ट २०२४ रोजी कळवले की, एका पावलावरून संपूर्ण पुतळा सिद्ध होत नाही. संस्थेने संपूर्ण पुतळ्याचे छायाचित्र पाठवले. मंडळाने कळवले की, ते तपासणीनंतरचे असल्याने विचारात घेता येत नाही. संस्थेने फेरतपासणी मागितली. मंडळाने कळवले की, त्रुटी दूर झाल्याशिवाय फेरतपासणी होत नाही. आणि त्रुटी दूर झाली की नाही, हे फेरतपासणीतच ठरते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, हे अर्जदाराने आजवर फक्त ऐकले होते.

शेवटी दि. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी अर्जदार व बाई पुतळाच घेऊन एसटीने अमरावतीस आले. रस्त्याच्या खड्ड्यांनी पुतळ्याची मान निखळते, म्हणून बाई वाटभर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरने "काऊन जी, हे पेशंट बोलत नाही काय?" असे विचारून सगळी गाडी हसवली. आपल्या आवक शाखेतील लिपिकाने पुतळा पाहिला, खाली-वर न्याहाळला आणि सांगितले की आवक नोंदवहीत कागद लिहिता येतो, वस्तू लिहिता येत नाही. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. अर्जदारानेही त्याच्या जागी तेच केले असते, आणि हे कळल्यामुळे त्याला जास्त वाईट वाटले. पुतळा त्याच दिवशी परत नेण्यात आला.

५. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाणपण तोवर संपले होते. मा. उच्च न्यायालयाने दि. १९ मार्च २०२५ रोजी सहा आठवड्यांत निर्णय घेण्याचा आदेश मंडळास दिला. आता मान्यता आलीच असे समजून त्या दिवशी बाईंनी विद्यालयाच्या सगळ्या खिडक्यांना नवे पडदे लावले. सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दि. ३० एप्रिल रोजी, मंडळाचे पत्र आले की 'संस्थेचे प्रकरण विचाराधीन ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.' संस्थेने अपील केले. अपील प्राधिकाऱ्यांनी ते परत केले, कारण सोबत नकाराचा आदेश जोडलेला नव्हता. आणि नकार दिलाच नसेल तर अपील कशाविरुद्ध? संस्थेचे वकील चंद्रशेखर यांनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली. तिथे पुढची तारीख १४ जानेवारी २०२६ मिळाली आहे, म्हणजे बाईंना बासष्ट पूर्ण झाल्यानंतर पाच आठवड्यांनी.

६. दरम्यान बाई रोज सकाळी दहाला इमारत उघडतात, खाटांवरच्या चादरी झटकतात, हजेरीपटावर स्वतःची सही करतात आणि पाचला कुलूप लावतात. पहिल्या वर्षी एकतीस मुलींनी नावे दिली होती. त्यांतल्या चौदा जणींची लग्ने झाली. मागच्या महिन्यात त्यांतलीच एक कडेवर लेकरू घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, फॉर्म निघाले काय?" बाई म्हणाल्या, "निघतीन बाई, निघतीन." अर्जदार आत कपाटापाशी उभा होता. त्याला बाहेर यायचे धैर्य झाले नाही.

बाईंनी त्याला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरे झाले असते. उलट त्याच मधूनमधून विचारतात, "भाऊ, बीपीची गोळी घेतली काय?" महोदय, तेहतीस वर्षे खुर्चीवर बसून अर्जदाराला जेवढी लाज वाटली नाही, तेवढी या एका प्रश्नाने वाटते.

७. मंडळाचा नियम सतरा, पोटनियम चार पाहावा. मान्यता नाकारल्यास अपिलाच्या वेळी प्राचार्याचे वय नकाराच्या दिवशीचे धरले जाते. म्हणजे ८ डिसेंबरला मिळालेला नकार बाईंना अपिलात उभे करतो, आणि १० डिसेंबरला मिळालेला होकार म्हणजे वरातीमागून घोडे, कारण त्या दिवशी विद्यालयाला प्राचार्यच नसेल. अर्जदार तुमच्याकडे मेहेरबानी मागत नाही. तुम्ही आमच्या विरुद्ध निकाल द्यावा, एवढीच त्याची याचना आहे.

सबब विनंती की, दि. ८ डिसेंबर २०२५ पर्यंत 'मान्यता नाकारण्यात येत आहे' असे चार शब्द लिहून, त्याखाली सही व शिक्का करून द्यावा. पत्र पोस्टाने पाठवू नये. अर्जदार दि. १ डिसेंबरपासून रोज कार्यालयीन वेळेत आपल्या व्हरांड्यात हजर राहील व पत्र हस्ते घेऊन जाईल. कारण नमूद केले नाही तरी चालेल. नियमानुसार कारण लिहावेच लागत असेल, तर 'सचिवाच्या मूर्खपणामुळे' असे लिहावे. त्यास अर्जदाराची हरकत नाही. बाईंचे नाव मात्र त्या रकान्यात येऊ नये.

नकाराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,

(चिंतामण यशवंत कुळकर्णी)
सचिव

सोनाळा,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मा. उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत.
२) श्रीमती तायडे यांचा शाळा सोडल्याचा दाखला (जन्मतारखेसाठी).
३) प्रात्यक्षिक दालनाची छायाचित्रे, बॅनर काढल्यानंतरची.
४) नकाराच्या आदेशाचा टंकलिखित मसुदा, तीन प्रतींत, फक्त सहीसाठी.