जहाज रद्द होईलच

३ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. निर्णय लेखी असला की पक्का होतो. शिवाय या घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.

क्रूझ कंपनीचा ईमेल आला. जहाज अठरा जानेवारीला सुटणार म्हणे. 'आम्ही आपल्या स्वागतास उत्सुक आहोत.' शी! बाहेर साथ चालू आहे, लोक शेजाऱ्याच्या हातून वर्तमानपत्र घ्यायला कचरतात, आणि हे उत्सुक. बुकिंग ठेवायचं, पुढे ढकलायचं की रद्द करायचं, ते एकतीस डिसेंबरपर्यंत कळवा. रद्द केलं तर पैसे पूर्ण परत. म्हणजे 'पैसे बुडतील' म्हणून निर्णय लांबवायचीही सोय ठेवली नाही मेल्यांनी.

जूनमध्ये बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी हे बुकिंग केलं. केक कापून झाला होता आणि साडू आपल्या जुन्या परदेश दौऱ्याचे फोटो मोबाइलवर सगळ्यांच्या नाकासमोर फिरवत होता. मी शांतपणे पाकीट पुढे केलं. चार दिवस, समुद्र, बाल्कनीची खोली. साडूचं तोंड बघण्यासारखं झालं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा सगळी बंदरं बंद होती आणि लवकर काही उघडत नाहीत असं टीव्हीवर रोज सांगत होते. समंजस माणूस क्रूझचं बुकिंग अशाच वेळी करतो.

आता यांना बंदरं उघडायची काय घाई झाली कळत नाही. असो. निर्णय रविवारपर्यंत.

७ नोव्हेंबर, रविवार

निर्णय झाला नाही. घाईचा निर्णय आणि उकळता चहा, दोन्ही तोंड भाजतात.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. साथ आल्यापासून सकाळ-संध्याकाळ लोकांच्या नाकात काडी घालून स्वॅब घेते. रजा नाही की सुट्टी नाही. जेवताना तिने विचारलं, जायचं का नाही ते एकदा सांगा, लॅबच्या मॅडमना रजेचं आत्ताच कळवावं लागेल. मी म्हणालो, विषय विचाराधीन आहे.

ती म्हणाली, "मला चार दिवस कुणाचं नाक बघायचं नाही. एवढंच."

मी तिला जहाजावरच्या बुफेची कल्पना दिली. एकच डाव आणि त्याला हजार हात. कुणी नाक पुसलेला, कुणी कान कोरलेला. रेलिंगवर घामट पंजे. हजार माणसं तीच तीच हवा आत घेणार आणि बाहेर सोडणार. संडासाबद्दल एक व्हिडिओ पाहिला होता, तोही सांगायला घेतला. ती म्हणाली, जेवतेय मी. नाजूकपणाची कमाल आहे. दिवसभर लोकांची नाकं चालतात.

१० नोव्हेंबर

धंद्याचा दिवस. माझं ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू झालंय, पण किळस आली आहे. काचा खाली, स्टिअरिंगला सॅनिटायझर, सीटला सॅनिटायझर, तरी शिकाऊ माणूस मास्क हनुवटीला लटकवून शिंकतो आणि वर 'ॲलर्जी आहे सर' म्हणतो.

सध्या गणिताच्या बाई शिकताहेत. निवृत्त आहेत. वर्गात पोरं चळाचळा कापत असतील. गाडीत बसल्या की त्या स्वतः कापतात. मी शेजारच्या सीटवर. माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक आहे आणि पाय सतत त्यावर असतो. त्यामुळे आजवर कधी काही झालं नाही.

भित्र्या माणसाला हे काम जमेल काय? हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण काल आई पाणी पिताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

बायकोला सुट्टी मिळाली म्हणून तिघं बागेत गेलो. तिथे तळं आहे. बायको म्हणाली, बोटीत बसू, क्रूझची रंगीत तालीम. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण नव्हतं.

पायडल मारायची बोट, बदकाच्या आकाराची. पन्नाशीच्या माणसांनी बदकात बसायचं. बोट हलली तशी मी सवयीने पाय दाबला. त्या बोटीत ब्रेकच नाही! पाय दाबला की उलट वेग वाढतो. असल्या वस्तूला परवाना देतं कोण? नंतर पोटात थोडं ढवळलं. मास्क काढायला वेळ मिळाला नाही. नियम काटेकोर पाळले की असं होतं.

दुपारचं सँडविच बाधलं. बायकोनेही तेच खाल्लं होतं हे खरं, पण बायकांची पचनशक्ती वेगळी. काठावर आई बाकावर बसून शेंगा खात होती. ती बायकोला काय सांगत होती कोण जाणे. मी जवळ गेलो तर दोघी गप्प झाल्या. माझ्या लहानपणीची कसली तरी गोष्ट असावी. आईला मेली कालची औषधं आठवत नाहीत, पण अंघोळीच्या टबात कोण किती रडायचं ते बरोबर आठवतं.

समुद्राची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न आरोग्याचा आहे. हे पुन्हा लिहून ठेवतो.

२७ नोव्हेंबर

नवा व्हेरियंट! देव आहे.

म्हणजे, बातमी वाईटच. मी गंभीर चेहऱ्याने घरात वाचून दाखवली. शेवटी म्हणालो, आता जहाज रद्द होईलच, माझ्या हातात काही राहिलं नाही. बायको म्हणाली, तुमचा आवाज बराच मोकळा झालाय. मी खाकरलो.

३ डिसेंबर

बायकोची डबल ड्युटी सुरू झाली. रात्री आली आणि आत न येता जिन्यावरच बसून जेवली. आपल्यामुळे आईला काही व्हायला नको म्हणून. कानांच्या मागे मास्कच्या दोऱ्यांनी कातडी सोलली आहे. आई उंबऱ्याशी स्टूल टाकून तिच्याशी बोलत बसली.

मलाही बाहेर जावंसं वाटत होतं. पण हॉस्पिटलचे कपडे. दारातूनच विचारलं, भाजी वाढू का? ती नको म्हणाली. वाईट वाटलं मला. पण घरात एक तरी माणूस धडधाकट राहायला हवा.

९ डिसेंबर

पुन्हा ईमेल. नव्या व्हेरियंटमुळे घाबरू नये, अर्धेच प्रवासी घेऊ, निघण्याआधी प्रत्येकाची टेस्ट होईल, बुफे बंद, जेवण टेबलावर. बुफेसुद्धा बंद! यांना माणसाच्या जिवाची किंमत नाही हेच खरं.

कंपनीला फोन लावला. एक बाई अतिशय गोड आवाजात बोलली. मी म्हणालो, या परिस्थितीत तुम्ही जहाज रद्द करायला हवं. ती म्हणाली, आम्ही नाही करत सर, तुम्हाला तुमचं बुकिंग रद्द करायचंय का? मी म्हणालो, मला नाही करायचं, तुम्ही करायला हवं. असं बराच वेळ चाललं. मग तिने हळूच विचारलं, सर, बोट लागते का? गोळ्या मिळतात त्यावर.

फोन कट केला. ग्राहकाशी बोलायची ही पद्धत नव्हे. तक्रार करणार.

१५ डिसेंबर

तक्रार केली नाही.

साडूचा फोन. त्याच्या कानावर आलंय की आमचं डळमळीत आहे. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही जातो, म्हणे, बुकिंग वाया कशाला? आणि वर हसला. तो फोनवर हसला तरी इकडे थुंकी उडाल्यासारखी वाटते. मी ठणकावून सांगितलं, आम्ही जाणार म्हणजे जाणार.

मागे वळलो तर बायको उभी. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा असा झाला की मीच खाली बघितलं. तिने लगेच लॅबच्या मॅडमना फोन करून रजा मागितली. चार दिवस मंजूर.

यात साडूचा दोष आहे.

२२ डिसेंबर

कसलीही अडचण नसताना, केवळ प्रयोग म्हणून, बोट लागण्याची गोळी घेतली. नंतर गणिताच्या बाईंचा तास. गाडी चौकातून वळल्याचं आठवतं. डोळे उघडले तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती आणि बाई किल्ली माझ्या हातात देत होत्या. मी गाढ झोपलेला पाहून त्या आधी बहिणीकडे जाऊन आल्या, मग बाजारात, मग पेट्रोल भरलं. एकदाही गाडी बंद पडली नाही. म्हणाल्या, तुमचा पाय ब्रेकवर नसला की मला छान येतं.

गोळी माणसाला गुंगवते. म्हणजे जहाजावर काही झालं तर मी बायकोचं संरक्षण करू शकणार नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

३१ डिसेंबर, रात्री

आज शेवटची तारीख. कंपनीला काहीच कळवलं नाही. न कळवल्यास बुकिंग आपोआप रद्द होत असणार, सगळीकडे तसंच असतं. म्हणजे रद्द मी केलं नाही आणि जहाजावर मी गेलोही नाही. याला म्हणतात साप भी मरे और लाठी भी ना टूटे.

बायको टेबलाशी बसून मोबाइलवर बराच वेळ टाइप करत होती. नवीन वर्षाच्या शुभेच्छा असतील.

३ जानेवारी

ईमेल: 'आपले बुकिंग कायम. प्रवासी दोन.' पुढे काय काय लिहिलं होतं ते वाचवलं नाही. नीच लोक.

आईने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. या वयात! म्हणे गुडघ्याला बरे.

८ जानेवारी

वरच्या मजल्यावरचे खोकलेकाका आजारी आहेत. जिन्यापर्यंत खोकला ऐकू येतो. शेजारधर्म म्हणून भेटायला गेलो. मास्क विसरलो. चहा घेतला, जवळ बसलो, त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून आणखी जवळ. ते माझ्या तोंडावर खोकले. इतकं ओंगळ काही मी आयुष्यात सोसलं नसेल. पण माणुसकी म्हणून काही असतं.

निघताना विचारलं, टेस्ट केली का? म्हणाले, तीनदा. काही नाही. सिगारेटचा खोकला आहे, तुझ्या लग्नातही होता की.

१६ जानेवारी

आज टेस्ट. बायकोने लॅबमधून किट आणलं आणि स्वयंपाकघरातच खुर्ची मांडली. आधी आईचा स्वॅब घेतला. आई हूं की चूं करत नाही. मग माझा. तिने काडी अशी घातली की मला माझी शाळा आठवली. नाकातून, डोळ्यातून पाणी. आपल्याच बायकोसमोर असं शेंबडं व्हायचं! किळस आली स्वतःची.

थोड्या वेळाने ती म्हणाली, निगेटिव्ह. आईही निगेटिव्ह.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतक्या लोकांना निगेटिव्ह सांगितलं मी. ते ऐकून तोंड पडलेला माणूस आज पहिल्यांदा बघितला."

मी लगेच उठलो. म्हणालो, कुठे आहे माझी बॅग, भरायला घेतो. ती म्हणाली, बॅगा भरून झाल्या. तिची आणि आईची. एकतीस तारखेलाच तिने कंपनीला कळवून माझ्या जागी आईचं नाव घातलं होतं. मी विचारलं, मग माझी टेस्ट कशासाठी? तर म्हणे, आईंसाठी, एका घरात राहता ना.

मी म्हणालो, हा निर्णय मला विचारून व्हायला हवा होता. त्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.

"भीती वाटते, एवढं एकदा म्हणाला असतात तर आपण दोघं कुठल्यातरी डोंगरावर गेलो असतो. मला समुद्र कधी हवा होता हो? चार दिवस हवे होते."

मी स्पष्ट सांगितलं की प्रश्न भीतीचा नव्हताच, बुफेचा होता. आई म्हणाली, अरे, नाक पूस.

१८ जानेवारी

दोघी गेल्या. बंदरापर्यंत साडूने सोडलं. मी सोडणार होतो, पण तिथे धक्क्यावर उभं राहिलं की खालचं पाणी दिसतं, आणि मला तास होते. तास नव्हते, पण येऊ शकले असते.

एकंदरीत चांगलंच झालं. आता घर माझं. संकल्प: व्यायाम, हिशेब, गाडीची सर्व्हिसिंग, साडूशी संबंध तोडणे.

१९ जानेवारी, दुपार

संकल्पांपैकी काही झालं नाही. दूध उतू गेलं. ते पुसलं नाही, आता वास येतोय. जेवायला कालचाच ब्रेड.

आईने फोटो पाठवला. पाठवायला आत्ता तिथेच शिकली म्हणे. जहाजाची गच्ची, लांब खुर्ची, आणि तिच्यावर बायको झोपलेली. मास्क नाही, तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. मागे सगळं पाणीच पाणी. मी पाण्यावर अंगठा ठेवून फोटो बघितला. खाली आईने लिहिलंय, काल चढल्यापासून झोपली आहे, जेवायला उठवलं तरी उठेना, मीही उठवलं नाही.

वैताग आला. एवढा गाजावाजा, बाल्कनीची खोली, टेस्टा, रजा, आणि बाई तिथे जाऊन झोपली! झोपायला समुद्र कशाला लागतो? झोप घरी येत नव्हती का? खोली तीच, पलंग तोच, आई चहा आणून देते, कुणी आवाज करत नाही. घरी काय कमी होतं म्हणून एकेक गोष्ट आठवून पाहिली.

घरी मी असतो.